पिंजाऱ्याची रजई ते एव्हरेस्टचं जॅकेट



आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर हसू आलं असणार, याची आम्हाला कल्पना आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारा हा आपला मुलूख. इथे स्वेटरसुद्धा वर्षातून दीड महिना बाहेर निघतो. मग उंच पर्वतावर घालायच्या जॅकेटचा इतिहास इथे कशाला? याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे जळगाव-धुळ्याची मुलं-मुली आता मनालीला, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचे कोर्स करायला जातात, आणि इथल्या कितीतरी घरांतले जवान लडाखमध्ये, सियाचीनला उभे असतात. दुसरं कारण असं की या जॅकेटमागचं शास्त्र खान्देशाला अजिबात परकं नाही. ते आपल्याकडच्या पिंजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

तिथूनच सुरुवात करू. जुनी रजई दोन-तीन वर्षं वापरली की तिच्यातला कापूस बसतो. वजन तेवढंच राहतं, कापूसही तेवढाच, पण ऊब कमी होते. मग पिंजारी यायचा, धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजायचा, आणि तोच कापूस तिप्पट फुगायचा. रजई पुन्हा गरम! आता विचार करा, पिंजाऱ्याने त्यात नवीन काय घातलं? फक्त हवा. ऊब कापसात नसते. कापसाच्या तंतूंनी जी हवा जागच्या जागी धरून ठेवलेली असते, तिच्यात असते. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. पाणी तीच उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने नेतं. म्हणून कोरडी रजई ऊब देते आणि ओली रजई अंगातली ऊब काढून घेते. डाउन जॅकेटचं निम्मं शास्त्र इथेच संपलं. उरलेलं निम्मं म्हणजे कापसापेक्षा हलकं आणि जास्त फुगणारं काय आहे, याचा शोध.

ते निसर्गाने आधीच करून ठेवलेलं होतं. हिवाळ्यात आपल्या हतनूरच्या जलाशयावर हिमालयापलीकडून पाणपक्षी येतात. चक्रवाक येतो, तो तिबेट-लडाखकडचा. एवढ्या थंडीतून तो येतो तो कशाच्या जोरावर? बाहेरची पिसं वारा आणि पाणी अडवतात. त्यांच्या खाली छातीपोटावर जी मऊ लव असते ती हवा धरून ठेवते. या लवेला पिसासारखी मधली काडी नसते. एका बिंदूपासून चहूबाजूंना बारीक तंतू फुटलेले असतात, म्हणून ती दाबली तरी पुन्हा फुगते. इंग्रजीत हिला डाउन म्हणतात. आपल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये सरसकट ‘फेदर जॅकेट’ म्हणायची पद्धत आहे, पण फेदर म्हणजे पीस, आणि पीस वेगळं, लव वेगळी. विकत घेताना हा फरक पैशांचा होतो, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता इतिहास. सन १९२२. एव्हरेस्टवर चढाईचा पहिला खरा प्रयत्न करणारी ब्रिटिश मोहीम तिबेटच्या बाजूने निघाली. ही माणसं बहुतेक विद्यापीठांतली आणि सैन्यातली, चांगल्या घराण्यांतली. त्यांच्या अंगावर काय होतं? रेशमी आणि लोकरी गंजीफ्रॉक, फ्लॅनेलचे शर्ट, स्वेटरवर स्वेटर, वरून घट्ट विणीचं गॅबर्डिनचं जाकीट. इंग्लंडातला सभ्य गृहस्थ थंडीत शिकारीला जाताना जसे कपडे करील, तसेच. त्यांच्यात एक माणूस वेगळा होता. जॉर्ज इंगल फिंच. जन्म १८८८, ऑस्ट्रेलियात. शिक्षण इंग्लंडात झालं नाही. झ्युरिचच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात झालं. पेशाने रसायनशास्त्रज्ञ. आल्प्समध्ये वाटाड्या न घेता चढणारा. मोहिमेच्या लंडनमधल्या समितीला तो पहिल्यापासून खटकत होता.

या फिंचने स्वतःसाठी एक कोट करवून घेतला. बाहेरचं कापड फुग्याचं, म्हणजे ज्या कापडाचे हवेत उडणारे मोठे फुगे बनवत ते. त्यातून वारा जात नसे. आत आयडर नावाच्या समुद्री बदकाची लव. आइसलँडकडे ही बदकं राहतात. मादी आपल्याच अंगाची लव उपटून घरट्यात अंथरते आणि तिथले लोक ती हाताने गोळा करतात. ही लव कापडाच्या दोन थरांमध्ये भरून, रजईला टाके घालतात तसे टाके घालून हा गुडघ्यापर्यंतचा हिरवा कोट तयार झाला. लोक हसले. गादी अंगावर घेऊन फिरणारा माणूस दिसला तर आपणही हसलोच असतो! पण पठारावरचा वारा सुरू झाल्यावर हसणं बंद झालं, आणि हसणाऱ्यांना त्या कोटाचा हेवा वाटू लागला, अशी नोंद फिंचने आपल्या डायरीत केली आहे.

त्याची खरी परीक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर बुरा नावाचा गुरखा जवान यांनी सुमारे ७,७७० मीटरवर तंबू ठोकला. ब्रूस लष्करी अधिकारी होता, गिर्यारोहक नव्हताच. रात्री वादळ आलं. तंबू उडू नये म्हणून तिघेही आत बसून तो धरून राहिले. दुसरा दिवस, दुसरी रात्र तिथेच गेली. संध्याकाळी खालच्या तळावरून शेर्पा गरम चहाच्या थर्मासच्या बाटल्या घेऊन त्या वादळातून वर आले. हे विसरायचं नाही, कारण या इतिहासात कोटाचं नाव राहतं आणि चहा आणणाऱ्यांची नावं राहत नाहीत. त्या रात्री फिंचने प्राणवायू थोडा थोडा हुंगायची युक्ती काढली, आणि तिघांच्याही हातापायांत ऊब परत आली. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. त्याआधी इतक्या उंचीवर कोणीच गेलं नव्हतं. पहिल्यांदाच पर्वतावर आलेल्या ब्रूसने हा विक्रम केला, यावरूनच साधनसामग्रीचं महत्त्व कळतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्राणवायूचा आणि उबेचा संबंध काय? जॅकेट उष्णता निर्माण करत नाही. ते फक्त राखतं. उष्णता शरीर निर्माण करतं, आणि त्यासाठी अन्न, पाणी आणि प्राणवायू लागतो. हवा विरळ झाली की शरीराची शेगडी मंदावते. म्हणून त्याच जॅकेटमध्ये माणूस पाच हजार मीटरवर घामाघूम होतो आणि आठ हजारांवर कुडकुडतो. फिंच रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे त्याने दोन्ही बाजूंचा विचार केला होता: शेगडी पेटती ठेवायची आणि दार बंद ठेवायचं.

मग पुढच्या मोहिमेत सगळ्यांना असे कोट मिळाले असतील, नाही का? तसं झालं नाही. १९२४ च्या मोहिमेत फिंचलाच घेतलं नाही. व्याख्यानांच्या आणि छायाचित्रांच्या हक्कांवरून समितीशी त्याचा वाद झाला होता, आणि तो त्यांच्यातला नव्हता हेही होतंच. माणसाबरोबर त्याचं ज्ञानही बाहेर राहिलं. त्या वर्षी जूनमध्ये मॅलरी आणि अर्विन शिखराकडे गेले ते परत आले नाहीत. १ मे १९९९ रोजी मॅलरीचा देह सुमारे ८,१५५ मीटरवर सापडला. अंगावर कापूस, रेशीम, लोकर आणि गॅबर्डिनचे थर होते.

आता इथे न्याय करायला हवा. मॅलरी थंडीने मेला असा निष्कर्ष काढू नये. त्याच्या देहावर दोर आवळल्याच्या आणि पडल्याच्या जखमा होत्या. शिवाय २००६ साली त्याच्या कपड्यांची हुबेहूब प्रतिकृती करून ती एव्हरेस्टच्या पायथ्याच्या हिमनदीवर वापरून पाहिली गेली, आणि ती हलकी व बऱ्यापैकी उबदार निघाली. थरांमध्येही हवा अडकतेच. आमच्या आज्ज्या थंडीत दोन लुगडी एकावर एक नेसायच्या, तेच हे. चालताना हे थर पुरतात. पण थांबावं लागलं, रात्र उघड्यावर काढावी लागली, तर पुरत नाहीत. डाउन जॅकेट हे मुळात थांबण्याचं वस्त्र आहे, चालण्याचं नव्हे. हे वाक्य आमच्या तरुण श्रोत्यांनी लिहून घ्यावं.

पुढची पायरी अमेरिकेतली. १९३६ साली सिएटलचा एक दुकानदार, एडी बाउअर, मासेमारीहून परतताना लोकरीचे कपडे ओले होऊन गारठला आणि मरता मरता वाचला. त्यातून त्याने लव भरलेलं, टाके घातलेलं जॅकेट तयार केलं. १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना असे कोट लागले आणि उत्पादन वाढलं. त्याच सुमारास नायलॉन आलं. फुग्याच्या जड कापडाऐवजी हलकं, लव बाहेर न येऊ देणारं कापड मिळालं. १९५३ च्या अमेरिकन केटू मोहिमेत बाउअरची जॅकेटं होती. १९५४ मध्ये केटू सर करणाऱ्या इटालियन चमूला फ्रान्सच्या माँक्लेर कंपनीने कपडे पुरवले. आज तेच नाव मोठमोठ्या शहरांत फॅशन म्हणून मिरवतं, पण सुरुवात अशी झाली.

आणि फिंचचं काय झालं? मंडळी, आजच्या व्याख्यानातला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. फिंच लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९५२ साली भारतात आले. कुठे? पुण्याला! पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला आपण एनसीएल म्हणतो, तिचे ते १९५२ ते १९५७ संचालक होते. म्हणजे २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी लवेचे कपडे घालून, प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन शिखरावर उभे राहिले, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा एव्हरेस्टवर पहिल्यांदा आग्रह धरणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. नंतर ज्या अल्पाइन क्लबच्या मंडळींशी त्यांचं कधी पटलं नव्हतं, त्याच क्लबने त्यांना अध्यक्ष केलं. १९७० साली ते वारले. मराठी गिर्यारोहणाच्या गप्पांत हे नाव फार कमी वेळा निघतं. ते निघायला हवं.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९६० आणि १९६२ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमा शिखराच्या अगदी जवळून परतल्या. १९६५ मध्ये कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ जण माथ्यावर पोहोचले. पण याच काळात, १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये, नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढले. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे बोलताना आम्हाला जड जातं, पण बोललं पाहिजे. कापूस हा आपल्या उन्हाचा मित्र आहे. तो घाम पितो, म्हणून इथे थंडावा देतो. बर्फात तोच गुण घातक ठरतो, कारण प्यालेला घाम तो सोडत नाही. दोष कापसाचा नव्हता. मैदानातल्या फौजेला मैदानातल्याच कपड्यांत पंधरा हजार फुटांवर पाठवणाऱ्या नियोजनाचा होता.

१३ एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य सियाचीनवर आहे. तिथे गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमदऱ्यांनी जास्त माणसं नेली. आणि तरीसुद्धा फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात उंचावरच्या जवानांसाठी बर्फातले चष्मे, बूट यांचा तुटवडा आणि जुन्या धाटणीची जॅकेटं, झोपायच्या पिशव्या खरेदी केल्याची नोंद होती. हा हिशेब आधीच्या वर्षांचा आहे, आता स्थिती सुधारली आहे, असं त्यावर लष्कराकडून सांगण्यात आलं. ते खरं असो अशीच आपली इच्छा. पण ज्या घरातला मुलगा तिथे आहे, त्या घराने हा प्रश्न विचारणं ही देशभक्तीच आहे. फिंचला हसणारी समिती आणि जॅकेटच्या खरेदीची फाइल अडवून ठेवणारं टेबल, यांत फार अंतर नसतं.

मराठी गिर्यारोहकांची वाटचालही या कपड्यांच्या वाटेनेच झाली. १९५४ मध्ये मुंबईत गिरीविहार सुरू झाली, १९८२ मध्ये पुण्यात गिरिप्रेमी. १९९८ साली हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या नागरी मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे आठ जण माथ्यावर गेले. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. चंद्रपूर म्हणजे आपल्याइतकंच, किंबहुना जास्तच तापणारं गाव. उन्हातली मुलं बर्फात टिकत नाहीत, हा समज त्या पाच जणांनी मोडला. पण त्यांच्यामागे प्रशिक्षण होतं आणि अंगावर योग्य कपडे होते. गरिबाच्या मुलाला दोन्ही मिळालं तर तो कुठेही पोहोचतो; एकच मिळालं तर मात्र धोका त्याच्याच जिवाला.

आता ज्यासाठी तरुण मंडळी शेवटपर्यंत बसली आहेत ते: जॅकेट निवडायचं कसं? इतिहासातूनच उत्तरं काढू.

पहिला प्रश्न, जायचं कुठे? बेसिक कोर्सला जाणाऱ्याने नवीन जॅकेट घेण्याची घाई करू नये; संस्था साहित्य देतात, ते आधी वापरून पाहावं. पाच-सहा हजार मीटरच्या शिखरांसाठी टोपीसकट जाडसर जॅकेट पुरतं. आठ हजारांवर अखंड सूट लागतो, त्याची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि तो पहिल्या-दुसऱ्या मोहिमेचा विषयच नाही.

दुसरा, आत काय आहे? चिठ्ठीवर ९०-१० असं लिहिलेलं असेल तर नव्वद टक्के लव आणि दहा टक्के पिसं. पुढे फुगण्याचा आकडा असतो: ५५०, ६५०, ८००. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, लव किती घनइंच जागा भरते याचं ते माप आहे. ८०० आकड्याची २८ ग्रॅम लव साधारण तेरा लिटर जागा भरते. पण नुसता आकडा बघून फसू नका. जॅकेटात लव एकूण किती ग्रॅम भरली आहे तेही विचारा. उत्तम कापूस मूठभर घातला तर रजई होते का?

तिसरा, टाके कसे आहेत? आरपार टाका घातला की त्या रेषेवर दोन कापडं चिकटतात, हवा उरत नाही, थंडी तिथून शिरते. खूप उंचीवरच्या जॅकेटांत म्हणून आतून कापडी भिंती घालून कप्पे करतात. साध्या ट्रेकला आरपार टाके चालतात. ते हलके आणि स्वस्त पडतात.

चौथा, बाहेरचं कापड. केळीच्या बागेला आपण शेवरीचं कुंपण का करतो? वारा अडवायला. तेच काम बाहेरच्या कापडाचं. वारा आत शिरला की धरलेली हवा गेली.

पाचवा, ओल. लव भिजली की गोळा होते आणि ऊब संपते. पावसाळी, ओलसर भागात जायचं असेल तर कृत्रिम तंतूंचं जॅकेट बरं; ते थोडं जड असतं, पण ओलं झालं तरी काही ऊब टिकवतं. आपल्याकडच्या अनेक शाकाहारी घरांना पक्ष्याची लव नको असते, त्यांच्यासाठीही हा पर्याय आहे. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची लव उपटली जाते, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून २०१४ पासून जबाबदार उत्पादनाचं प्रमाणपत्र आलं आहे. लवेचं घेणारच असाल तर ते पाहून घ्या.

आणि माप. बाकीच्या सगळ्या कपड्यांवरून चढेल इतकं मोठं घ्या, हेल्मेटवरून टोपी आली पाहिजे. घट्ट जॅकेट लव दाबतं, म्हणजे न पिंजलेली रजई. चढताना काढा, थांबल्याबरोबर घाला. गारठल्यावर घालून उपयोग नाही, कारण राखायला उष्णताच उरलेली नसते. घरी आणलं की पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका, मोकळं टांगून ठेवा.

बाजारात मोठ्या नावाची नक्कल चिठ्ठी लावलेली जॅकेटं ढिगाने मिळतात. चिमटीत धरून पाहा: काड्या टोचल्या तर आत पिसं आहेत, गुठळ्या लागल्या तर ते साधं भरण आहे. पैसे कमी असतील तर नकली नवं घेण्यापेक्षा अस्सल भाड्याने घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही. चांगला पिंजारी कापूस हातात घेऊन, दाबून, सोडून बघायचा, आणि मगच भाव सांगायचा. पर्वतावर जाणाऱ्याने आपलं जॅकेट तसंच बघावं, कारण वर गेल्यावर दुकानदाराकडे परत जाता येत नाही.

 आता प्रश्न विचारावेत. ज्यांची मुलं या उन्हाळ्यात कोर्सला जाणार आहेत, त्यांनी आधी.